पॉइंट गेल्यावरची नजर

पॉइंट गेला की पोरगी वळून कोणाकडे बघते, त्यावरून कोच कोण ते ओळखावं, दारावरच्या पाटीवरून नव्हे. हे कोच मॅडमचं एकवीस वर्षांचं मत. कॉलेजात मुलींचं टेनिस त्यांनी सुरू केलं तेव्हा एक भेगाळलेलं कोर्ट, मध्येच लोंबणारं नेट आणि टक्कल पडलेले चौदा चेंडू, एवढाच संसार होता. तेव्हापासून प्रत्येक पोरगी पॉइंट हरली की मॅडमना शोधायची. मॅडम दोन बोटं मनगटावर ठेवायच्या, म्हणजे घाई नको. पोरगी शांत व्हायची.

अलीकडे पोरी चिमणीकडे बघायला लागल्या होत्या.

चिमणी मॅडमचीच जुनी खेळाडू. संघात सगळ्यात बुटकी, म्हणून नावही मॅडमनीच पाडलेलं. दोन वर्षांपूर्वी साहाय्यक कोच म्हणून तिला हट्टाने आणलं तेही मॅडमनीच. पोरी मॅडमना ‘मॅडम’ म्हणत आणि तिला ‘चिमणीताई’. त्या एवढ्याशा ‘ताई’ने मॅडमच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

“तिने हात धरून दाखवलं की सर्व्हिस सुधारते म्हणे!” भाजी चिरता चिरता त्या नवऱ्यापुढे फणकारल्या. “मी काय एकवीस वर्षं तिथे गवत उपटत होते?”

“पण सुधारते ना?” नवऱ्याने भाबडेपणाने विचारलं.

सुधारत होती, तेच तर दुखणं होतं. त्या दिवशी नवऱ्याला भाजी अळणी खावी लागली.

अशात दुसऱ्या एका कॉलेजला मुख्य कोच हवी असल्याचं कळलं. चिमणी अर्ज घेऊन चाचरत आली. “मॅडम, तुमचं शिफारसपत्र लागेल. तुम्ही नको म्हणालात तर नाही जाणार.”

“वेडी आहेस का? आजच लिहिते,” मॅडम म्हणाल्या. ब्याद परस्पर टळत होती, आणि तीही चांगुलपणा पदरात टाकून.

पत्र लिहिताना त्यांनी हातचं काही राखलं नाही. दोन वर्षं जळत्या डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे बारीकसारीक सगळं तोंडपाठ. हरलेल्या मुलीशी ती पहिली दहा मिनिटं मॅचबद्दल अवाक्षर काढत नाही, नुसती शेजारी बसून रॅकेटची पकड गुंडाळत राहते. जोडीतल्या दोघी भांडल्या तर समजूत घालत नाही, दोघींना मिळून एकच टोपली भरायला चेंडू गोळा करायला धाडते. डावखुऱ्या मुलीची अडचण कळावी म्हणून स्वतः महिनाभर डाव्या हाताने खेळली. तीन पानं झाली. त्यांत एक अक्षर खोटं नव्हतं, याचा मॅडमना भयंकर राग आला.

पत्र मंजुरीसाठी प्राचार्यांकडे गेलं आणि तिसऱ्या दिवशी मॅडमना बोलावणं आलं.

“मॅडम, वाचून डोळ्यांत पाणी आलं हो,” प्राचार्य म्हणाले. “बैठकीत सगळ्यांना वाचून दाखवलं. इतकी गुणी मुलगी दुसऱ्यांच्या हवाली करायला आम्ही काय खुळे आहोत? पुढच्या हंगामापासून आपली मुख्य कोच तीच. तुम्ही मार्गदर्शक. उन्हातान्हात किती दिवस उभ्या राहणार? आणि जागा सोडायची तर अशी, मोठ्या मनाने!”

मन किती मोठं होतं ते मॅडमनाच ठाऊक. पण तीन पानांखाली सही त्यांचीच होती. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता आणि वर अभिनंदन होत होतं.

चिमणी रडतच आली. “मी नाही घेणार तुमची जागा.”

“घे मुकाट्याने. नाटकं नकोत,” मॅडम म्हणाल्या, आणि ती वळल्यावर स्वतःच रडल्या.

नव्या हंगामातल्या पहिल्या मॅचला मार्गदर्शकांसाठी कुंपणाबाहेर सावलीत हातांची खुर्ची मांडली होती. बोटही हलवायचं नाही असं ठरवून मॅडम बसल्या. तिसऱ्या सेटमध्ये संघातल्या उंच मुलीचा महत्त्वाचा पॉइंट गेला. ती वळली आणि तिने थेट बाकावर बसलेल्या चिमणीकडे बघितलं.

आता ही काय दिवे लावते, म्हणून मॅडमनी चिमणीकडे नजर वळवली. चिमणीचं मुलीकडे लक्षच नव्हतं. ती मागे वळून कुंपणातून मॅडमना शोधत होती, सतराव्या वर्षी पॉइंट हरल्यावर शोधायची तश्शी. दोन वर्षं मॅडमनी पोरींच्या नजरा मोजल्या होत्या. चिमणी कुठे बघते, हे कधी बघितलंच नव्हतं.

त्यांची दोन बोटं आपसूक मनगटावर गेली. चिमणीने कोर्टाकडे वळून तीच खूण केली. पोरगी शांत झाली.

“चिमणीताई होती म्हणून जिंकले!” मॅच संपल्यावर ती पोरगी सगळ्यांना सांगत सुटली. मॅडमच्या पोटात पुन्हा दुखलं, चांगलंच दुखलं. मग त्या उठल्या, ती जड खुर्ची स्वतः उचलली आणि पुढची मॅच सुरू व्हायच्या आत सावली सोडून उन्हात, बाकावरून मान न वळवता दिसेल अशी मांडली.