सरांच्या अक्षरात

बाबांची पहिली चूक मला सापडली, तेव्हा मी मंडळाच्या कपाटातल्या डांबरगोळ्या बदलत होते.

आमचं मंडळ देशी झाडांचं. म्हणजे इथल्या मातीतली झाडं ओळखायची, त्यांचं बी जमवायचं आणि बाहेरून येऊन ठाण मांडलेली झुडपं दर रविवारी उपटायची. वाचनालयाच्या वर एक खोली, दोन लोखंडी कपाटं आणि त्यांत दाबून वाळवलेल्या नमुन्यांचे आठशे कागद. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात एक चिठ्ठी: झाडाचं नाव, जागा, तारीख. अक्षर बाबांचं. बत्तीस वर्षं त्यांनी शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर मंडळ काढलं, म्हणून सगळे त्यांना सर म्हणतात. मी चिटणीस. घराणेशाही म्हणा हवं तर, पण दुसरं कोणी तयारच नव्हतं.

त्या दिवशी एका नव्या कागदावर चिठ्ठी भलत्याच झाडाची होती. शाळकरी मुलानेही ओळखावं इतकं सोपं झाड. मी हसले, चिठ्ठी सोडवली आणि बाबांच्या तिरक्या अक्षरात बरोबर नाव लिहून पुन्हा चिकटवली. प्रगतिपुस्तकावर त्यांची सही ठोकायला लहानपणी गिरवलेलं अक्षर असं कामाला आलं.

पुढच्या महिन्यात दोन कागद निघाले. मग आणखी तीन. एकदा ओट्यावर दूध करपून घरभर वास सुटला आणि बाबा शेजारी उभे राहून शांतपणे सफरचंद चिरत होते. "वास नाही आला?" मी विचारलं. "कसला?" ते म्हणाले. या वेळी मी हसले नाही.

सांगायला हवं होतं, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण आई गेल्यावर मंडळही काढून घेतलं तर बाबांकडे उरतं काय? सकाळचा पेपर आणि माझी कटकट. डॉक्टरांचं नाव काढलं की ते अंगावर धावून यायचे. म्हणून मी दर मंगळवारी दुपारी खोली उघडायचे, नवे कागद बघायचे, चुकलेल्या चिठ्ठ्या बदलायचे आणि कुलूप लावून घरी यायचे. सहा महिन्यांत बारा कागद झाले.

कुणाला संशय आला असेल तर तो शंकासुराला. हे आमचे निवृत्त पोस्टमास्तर. त्यांना प्रत्येक गोष्टीत खोट दिसते, म्हणून हे नाव मीच ठेवलेलं. एका बैठकीत बाबा साध्या नावाला तीनदा अडखळले, तेव्हा शंकासुर मला बाजूला घेऊन म्हणाले, "सरांचं काहीतरी बिनसलंय. या वर्षीचे वीस कागद मी स्वतः तपासणार."

त्या आठवड्यात मी मंगळवारची वाट बघितली नाही. दोन दुपारी बसून सगळं वर्ष तपासून काढलं. शंकासुरांनी भिंग लावून वीस कागद पाहिले आणि पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर उभे राहिले. "एकही चूक नाही. सर, मी तुमच्यावर शंका घेतली, मला माफ करा." टाळ्या पडल्या. बाबांनी त्यांना मिठी मारली आणि जाहीर केलं, की यंदाच्या पानफेरीत दुसरा मान पोस्टमास्तरांचा. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. मला घाम फुटला होता.

पानफेरी म्हणजे आमची वर्षाची मोठी फेरी. रानातली खाण्याजोगी पानं ओळखायची आणि चाखायची. नियम बाबांनीच घातलेला: आधी सरांनी खायचं, मग मानकऱ्याने, मग रांगेने सगळ्यांनी. चिटणिसाने शेवटी चालायचं, कुणी मागे राहू नये म्हणून.

या फेरीचा राजा म्हणजे रानगाजर. त्याची पानं नाजूक, चिरलेली, चवीला गोडसर. आणि त्याच्यासारखंच दिसणारं परकं झाड म्हणजे ठिपक्या. हे आमचंच नाव, कारण त्याच्या देठावर जांभळे डाग असतात. रानगाजराच्या देठावर केस, ठिपक्याचा देठ गुळगुळीत. चुरगळलं तर त्याला उंदराच्या मुताचा वास येतो. त्याची मूठभर पानं माणूस मारायला पुरतात. आम्ही ते हातमोजे घालून उपटतो. हे सगळं मला बाबांनीच शिकवलं, मी आठ वर्षांची असताना.

म्हणून शनिवारी सकाळी मी एकटी गेले. फेरीच्या वाटेवरचा एकेक ठिपक्या शोधून उपटला आणि पोत्यात भरला. अकरा निघाले. परत येताना वाट पुन्हा एकदा बघितली. मला वाटलं, झालं, एवढं वर्ष निभलं. फेरी संपली की शंकासुरांना सगळं सांगेन असंही ठरवलं. अगदी मनापासून ठरवलं होतं.

रविवारी आम्हाला धरून अठरा माणसं जमली. ऊन छान होतं, बाबा खुशीत होते. फाट्यावर ते डावीकडे वळले, ओढ्याच्या बाजूला.

"बाबा, वाट इकडून आहे," मी मागून ओरडले.

"आता रस्ता मला तू शिकवणार?" ते म्हणाले, आणि अख्खी रांग हसली.

ओढ्याकाठची वाट अरुंद. मी शेवटी, माझ्यापुढे सतरा पाठी. दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीची झाडं, वर पांढऱ्या फुलांच्या छत्र्या. तेवढ्यात वाऱ्याबरोबर वास आला. बंद माळ्यावर येतो तसा. मी पुढच्यांना ढकलत पळाले. "ताई, जरा धीर धरा, सगळ्यांना मिळेल," कुणीतरी म्हणालं.

पुढे बाबांचा आवाज ऐकू येत होता, वर्गात यायचा तसा खणखणीत. "हे आपलं रानगाजर. नीट बघून घ्या."

"सर," शंकासुर म्हणाले, "देठावर डाग दिसतायत."

माझा जीव भांड्यात पडला. त्यांनी पाहिलं होतं. मी त्यांची केलेली सगळी जुनी टिंगल मनातल्या मनात परत घेतली.

"मातीचे असतील," बाबा म्हणाले.

"असतील, असतील," शंकासुर हसले. "तुमचे वीस कागद तपासून बसलोय मी. चुकले असतील तर माझेच डोळे." आणि त्यांनी हात पुढे केला.

मी पोचले तेव्हा पान त्यांच्या ओठांशी होतं. मी ते हातावर फटका मारून उडवलं. "थुंका! कुणी काही खाऊ नका! ठिपक्या आहे हा!"

शंकासुरांच्या हातात काहीच उरलं नव्हतं, त्यांनी चाखलंही नव्हतं. मग मी बाबांकडे वळले. त्यांच्या हातातली जुडी अर्धी झाली होती.

"मी तर मघाशीच खाल्लं," ते म्हणाले. "नियम आहे ना, आधी मी."

मंडळातल्या औषधांच्या दुकानवाल्या वहिनींनी गाडी काढली. दवाखाना चाळीस मिनिटांवर. मागच्या सीटवर मी बाबांना धरून बसले होते आणि रडत रडत सगळं सांगत होते: चिठ्ठ्या, मंगळवार, दूध.

"किती कागद?" त्यांनी विचारलं.

"बारा."

त्यांनी मान खिडकीकडे वळवली. "मला सांगायचंस गं," एवढंच म्हणाले. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

मग ते सावरून बसले आणि त्यांचा वर्गातला आवाज परत आला. "याला उतारा नाही. श्वास चालू ठेवायचा, एवढंच डॉक्टरांच्या हातात. आधी पाय जातात, मग हात, मग छाती. डोकं शेवटपर्यंत शाबूत राहतं." हे त्यांना एक अक्षर न चुकता आठवत होतं. "वही आहे ना तुझ्याकडे? लिहून घे, डॉक्टरांना लागेल. नाव, जागा, तारीख, वेळ."

मी फेरीची वही उघडली. सवयीने हात तिरका पडला.

"माझ्या अक्षरात नको," बाबा म्हणाले. "तुझ्या अक्षरात लिही. आणि लिही की दहा वाजून चाळीस मिनिटांनी पाय जड झाले."