गेला का व्हिडिओ?

वर्षाने इलेक्ट्रॉनिक्समध्ये बीएस्सी केलं होतं, त्यामुळे मोबाइलची बॅटरी नेमकी कशाने संपते आहे हे तिला अगदी शास्त्रशुद्ध कळत होतं. उपयोग काही नव्हता, पण कळत होतं.

आठ महिन्यांचा ओम कालपासून तापाने फणफणला होता आणि आता श्वासागणिक त्याच्या बरगड्यांखाली खड्डा पडत होता. दारव्ह्याच्या डॉक्टरांनी मागेच बजावलं होतं, "दर वेळी धावत येऊ नका मॅडम, आधी व्हिडिओ पाठवा, मी सांगतो." मागे दोनदा ती धावत गेली होती आणि दोन्ही वेळा ओम तिथे पोचताच खेळायला लागला होता. सासूबाई रामीबाईंची ही गोष्ट तांड्यातल्या शेळ्यांनाही सांगून झाली होती.

सकाळपासून लाइन नव्हती, म्हणजे चार्जिंग बंद. टॉवर पार बोरी अरबच्या बाजूला, त्यामुळे रेंज शोधण्यातच फोनचा अर्धा जीव जायचा. वर्षाने ओमच्या उघड्या छातीचा छोटासा व्हिडिओ काढला, क्वालिटी कमीत कमी केली, स्क्रीन मंद केली आणि डॉक्टरांना पाठवला. चक्र फिरू लागलं.

इथवर ठीक होतं. मग तिने उमरखेडला गेलेल्या नवऱ्याला कळवलं, आणि सुनीलने कर्तव्यदक्ष बाप या नात्याने घरच्या ग्रुपवर टाकलं, "ओमची तब्येत बरी नाही. वर्षा डॉक्टरले व्हिडिओ पाठवून राह्यली."

पहिला फोन नणंदेचा, बबिताचा.

"वहिनी, गेला का व्हिडिओ?"

"जात होता. फोन आला की नेट थांबतं इथं."

"काहून?"

"रेंजच तशी आहे. ठेवा ना."

"बरं बरं. मी पाच मिनिटानं पुन्हा लावतो."

व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून जाऊ लागला. मग कळंबहून मावशींचा फोन, मग चुलतसासू बिजलीबाईंचा. प्रत्येकाला काळजी होती, आणि प्रत्येकाच्या काळजीने चक्र थांबत होतं. मधल्या वेळात ग्रुपवरून ओव्याच्या शेकाचे लांबलचक, झकास क्वालिटीचे व्हिडिओ आपोआप उतरत होते. त्यांना रेंज मिळत होती. वर्षाने ते बंद केलं तोवर बॅटरी लाल झाली.

"फोन काहून कापतं वं?" रामीबाई म्हणाल्या. "लोक आपुलकीनं करून राह्यले."

"आपुलकीनंच अडलंय, याडी," वर्षा सासूबाईंना म्हणाली.

"शिकल्यासवरल्याचं असंच असते."

वर्षाने व्हिडिओ रद्द केला आणि मेसेज लिहायला घेतला. अक्षरांना वीज कमी लागते. "ओम, आठ महिने. श्वास फार जलद. बरगड्यांखाली खड्डा. ओठ निळसर. दूध ओढत नाही."

लिहिलेलं तिने एकदा वाचलं. दुसऱ्या कोणी आपल्या बाळाबद्दल हे लिहून पाठवलं असतं, तर तिने काय उत्तर दिलं असतं? डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय ओमला दम लागणं खरं धरायचं नाही, अशा थाटात ती इतका वेळ बसून राहिली होती.

मेसेज लगेच गेला. उत्तराची वाट तिने पाहिली नाही.

"मामाजी, गाडी काढा," ती सासऱ्यांना म्हणाली. धावजी किल्ली घेऊन उठले. रामीबाईंनी बोलायला तोंड उघडलं, ओमच्या ओठांकडे पाहिलं आणि शाल आणून दिली.

दवाखान्यात ओमच्या नाकाला ऑक्सिजनची नळी लागली. "थांबला नाहीत ते बरं केलं," डॉक्टर म्हणाले. दुपारनंतर त्याचा श्वास जरा संथ झाला, तेव्हा नर्सने विचारलं, "घरच्यांना कळवायचं का?"

"इतक्यात नको," वर्षा म्हणाली. "त्याला झोपू द्या."