पॅरिस ते फ्रँकफर्ट

“आई, पॅरिसला उतरलो. आता फ्रँकफर्टचं विमान,” मोरेश्वर फोनवर म्हणाला, तेव्हा सकाळच्या उन्हात तो व्हर्जिनियातल्याच डलेस विमानतळावर बसला होता. कॉलिंग कार्डवरून लावलेला फोन कुठून आलाय, ते नागपुरात कुणाला कळणार!

तिकडे डॉक्टरांनी हात टेकून आईला घरी पाठवलं होतं. बहीण मालिनी फोन तिच्या कानाशी धरून होती.

“किती लांब रे ते?”

“आपलं नागपूर-हैदराबाद गं. साडेचारशे किलोमीटर. तासाभराचं विमान. तेवढा वेळ फोन बंद राहील.”

“जेवलास?”

“हो.” हेही खोटंच.

तिकीट त्यानंच घाईघाईनं इंटरनेटवर शोधलं होतं. भारतात जायला फ्रँकफर्टचं थेट विमान भरलेलं; पॅरिसमार्गे गेलं तर एक दिवस वाचत होता. विमानतळाजवळच्या हर्नडनमधल्या ऑफिसात दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढून पोट भरणाऱ्या या गृहस्थानं अंतर पाहिलं, वेळ पाहिली. पण भारतीय पासपोर्टवर पॅरिसहून फ्रँकफर्टला जायचं तर युरोपात शिरण्याचा व्हिसा लागतो, हे पाहिलं नाही. काल संध्याकाळी काउंटरवरच्या बाईनं पासपोर्ट परत दिला. त्यानं विनवण्या केल्या, आवाज चढवला, पुन्हा विनवण्या केल्या. शेवटी आज संध्याकाळच्या थेट विमानात जागा मिळाली.

हे सांगायला म्हणून त्यानं नागपूरला फोन लावला, तर मालिनीच आधी म्हणाली, “दादा निघाला म्हटल्यावर आईनं दोन चमचे पेज घेतली!” मग त्याची जीभच रेटेना.

बायकोचा, रेणूचा फोन आला. “अरे, घरी ये ना. संध्याकाळी मी ड्रॉप करते.”

“नको. घरी सोफ्यावर बसून पॅरिस सांगायला नाही जमणार मला.”

थोड्या वेळानं फोन पुन्हा वाजला. नागपूर. पण विमानातला माणूस फोन उचलेल कसा? वाजून वाजून तो बंद झाला. पुन्हा वाजला. मोरेश्वरनं तो दोन्ही हातांत दाबून धरला.

तास संपताच त्यानं फोन लावला. “मालू, फ्रँकफर्टला उतरलो.”

“दादा, आई गेली रे.” मालिनी रडत होती. “तुला हाक मारत होती. दोनदा फोन लावला, म्हटलं, लागला तर लागला. पण तू विमानात, तू तरी काय करशील!”

मोरेश्वरला हुंदका आवरेना.

“ऐक, सगळे जमलेत. विचारून राहिले, मोठा मुलगा उद्या सकाळी पोचतो, तर थांबायचं का. पोचशील ना?”

“थांबू नका.”

“अरे, फ्रँकफर्टपर्यंत आलास ना?”

“नाही आलो गं मालू. अमेरिकेतच आहे. विमानात चढूच दिलं नाही. तूच अग्नी दे.”

मालिनीनं फोन ठेवला नाही. घरातले आवाज येत होते; आईच्या उशाशी दिवा लावा, असं कुणीतरी सांगत होतं. मोरेश्वर फोन कानाशी घट्ट धरून ऐकत राहिला.