दुसरा ‘ब’

लाकडाचा ‘ब’, कडा झिजून गुळगुळीत झालेला, हाताच्या घट्ट्यावर बरोबर बसणारा... तुळजाबाईनं तो अंगठ्यानं चाचपला. त्याच्या पोटातली रेघ डोळे मिटूनही सापडत होती. साठी उलटल्यावर अक्षरं शिकायची ती अशीच, हातानं. खुरपताना तण कुठलं नि रोप कुठलं हे बोटांनाच तर आधी कळतं. फळ्यावरची अक्षरं डोळ्यांपुढून निसटायची, ही मात्र हातात राहायची. विजयमाला मॅडमनी तलवाड्याच्या शाळेत ही बोलकी पाटी आणली, त्या दिवशी एक ठोकळा खाली पडला, त्याला पाय लागला, आणि तिनं तो उचलून कपाळाला लावला होता. बायका हसल्या. हसू देत. ठोकळे खाचेत बसवून हिरवं बटण दाबलं की पाटी शब्द मोठ्यानं म्हणायची. घर, ऊस, चूल... सगळं म्हणून झालं होतं.

आज तिला नवऱ्याचं नाव लावायचं होतं.

ते खिडकीबाहेर ओट्यावर बसले होते, तिला घरी न्यायच्या निमित्तानं, अडकित्त्यानं सुपारी कातरत — म्हातारपणी कसली शाळा, असं गावभर म्हणायचे आणि कान मात्र खिडकीला. ते नाव तिनं एकदाच घेतलं होतं, लग्नात, उखाण्याच्या आडून. मोकळं घेतलं तर धन्याचं आयुष्य घटतं, असं सासूनं बजावलेलं. खोटं असेल... पण उद्या काही झालं तर? म्हणून तिनं तोड काढली होती : तोंड उघडायचंच नाही. हात मांडतील, पाटी बोलेल.

पण ‘ब’ दोन लागत होते, आणि दुसरा शेजारी बसलेल्या गौसियाच्या मुठीत होता. फळगाडीवाल्या मकसूदची आई, सोडते थोडीच.

“बकरीच लावतीस न्हवं? तिला येकच लागतो. दुसरा कावून पायजे?”

“दी म्हनलं ना.”

गौसियानं पाटीवरचा ‘ब’ पाहिला, बाजूला काढलेला ‘न’ पाहिला, मग खिडकीकडे पाहिलं. “लई धीट झालीस. भाईर बसलेत, आयकू जाईल.”

“जाऊ दी.”

हे आपणच म्हणालो? गौसियानं मूठ उघडली. ठोकळे बसले, खालचे दिवे लागले, तिनं बटण दाबलं आणि पाटी कुठल्याशा शहरातल्या पोरीच्या आवाजात स्वच्छ म्हणाली, “बबन.”

एवढंसं नाव! अंगणातून पोराला हाक मारावी तसं... त्यांच्या आईनं मारलीही असेल, मी मात्र जन्मभर ‘आवं’च्या पलीकडे गेले नाही. बाहेर अडकित्ता मधेच थांबला.

“आता काय सांगशील त्यांना?” गौसिया कुजबुजली.

उत्तर सकाळपासून तयार होतं : पाटीनं घेतलं, मी न्हाई. ते ओठांपर्यंत आलंही. पण बोटांना अजून ठोकळ्यांचे कोपरे जाणवत होते. कुठला ठोकळा कुठं, कशासाठी, हे पाटीला काय ठाऊक... पाटीनं नाही. मीच घेतलं.

अडकित्ता अजून गप्पच होता. असू दे.