वाचवणाऱ्याला कात्री

मी सुरक्षा विभागाचं जुनं बुलेटप्रूफ जाकीट बोलतोय, आणि जरा घाईतच बोलतोय. समोर टेबलापाशी माझा सौदा चाललाय.

माझ्या कापडावर जाऊ नका, ते नुसतं मिरवायला. गोळी अडवते ती आतली जाड पाटी, चिनी मातीसारखी भाजून कडक केलेली. पण एकदा गोळी झेलली की ती आतून फुटते. म्हणून नियमच आहे, गोळी खाल्लेलं जाकीट कापून टाकायचं.

मला वापरायचे एक हवालदार. सगळे त्यांना दादा म्हणत. उन्हाळ्यात ते मला मनसोक्त शिव्या घालत, आणि जेवताना मात्र खुर्चीच्या पाठीला जपून अडकवत. एकदा कचेरीच्या फाटकावर कुणीतरी गोळी झाडली. ती माझ्यात घुसली. दादा धाडकन पडले, बरगड्या ठेचल्या, पण जीव वाचला. वहिनी मला उराशी धरून रडल्या, तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं.

पुढे मला कापायची वेळ आली. दादांनी कोठारातल्या शिंप्याला गाठलं. "ज्यानं मला वाचवलं त्यालाच कात्री? माणसं आहोत ना आपण?" शिंपीही हळवा. त्यानं माझं भोक असं बेमालूम रफू केलं की शोधून सापडू नये. अख्ख्या पथकानं मला मानाची खुंटी दिली. मीही फुशारलो. पाटीला रफू होत नाही, हे सगळेच विसरले.

आज विभाग जास्तीचं सामान विकतोय. अधिकारी बाईंना भोक दिसलं नाही, म्हणून मी चांगल्यांच्या ढिगात. घ्यायला आलाय पहारेकरी पुरवणारा एक मालक, सोबत बँकेच्या गाडीवर पहारा देणारी, त्याच्याकडे नोकरीला असलेली एक ताई.

मला निरोप द्यायला दादा मुद्दाम आलेत. त्यांना राहवेना. "ताई, डोळे झाकून हेच घ्या. यानं माझ्यावरची गोळी झेललीय!"

ताईंचा चेहरा खुलला. "बरं झालं बाई. लेक रोज दारात अडवते, जाऊ नको म्हणते. आता तिला सांगते, हे खात्रीचं आहे."

माझा जीव टांगणीला लागला. अहो, तुमचं कौतुकच हिच्या जिवावर उठेल! पण जाकिटाला तोंड कुठलं?

"गोळी लागली कुठं?" ताईंनी सहज विचारलं.

"ही इथं," म्हणत दादांनी अंगठा दाबला. आत तुकडे करकरले. दादांनी पुन्हा दाबलं. पुन्हा करकर. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"आत काय वाजतंय, दादा?"

मालक घाईत होता. "जुन्या वस्तू वाजणारच. चला, आवरा."

दादांनी मला ढिगातून बाजूला ओढलं. "हे विकायचं नाही. मी घोळ केलाय, ताई. आत सगळा चुरा आहे." आणि शिंप्याला हाक मारली, "कात्री आण."

कात्री आलीय. तिचं पातं माझ्या खांद्यावर टेकलंय, आणि दादांचा हात पुढे सरकत नाही.

"मी कापू का?" ताई हळूच विचारतात.

"नको. माझं आहे ते."

मग चालवा ना, दादा. मला भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू? पण तुम्ही थांबलात, मन द्रवलं, तर मी पुन्हा एखाद्या खुंटीवर चढेन, आणि तिथून पुन्हा कुणाच्या तरी अंगावर. मला आता वाचवू नका. हिची लेक दारात उभी आहे.