एकदाच दाबलेली बेल

मी एक बेल आहे. कोपर स्टेशनजवळच्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर राहते. माझं बटण दाराबाहेर आहे आणि गळा आत, टीव्हीच्या वर. त्यामुळे बाहेर कोण आलंय ते मला आधी कळतं, आणि आतल्यांचं काय चाललंय तेही. सांगता मात्र एकच येतं, चिमणीची चिवचिव. "पोपटरावांच्या घरी चिमणी आली," असं समोरच्या शांताबाई म्हणाल्या, आणि ते सगळ्या मजल्याला वर्षभर पुरलं.

मला बसवणाऱ्या वायरमनच्या भुवईवर वाराचा व्रण होता, डोळे तांबारलेले. आईंनी, म्हणजे पोपटरावांच्या बायकोने, लगेच पर्स उचलून आत नेली. भिंतीचा पडलेला चुरा त्याने जाताना स्वतः गोळा केला, ते कुणी पाहिलं नाही.

वाईट माणूस ओळखायची या घरातली रीत टीव्हीवरून आली आहे. रोज साडेसातला मालिका लागते. खलनायिका जिन्यावर दिसायच्या आधीच ढोल वाजतो आणि आई भाजी निवडता निवडता म्हणतात, "आली बघा भवानी." माझा मात्र सगळ्यांसाठी एकच सूर.

सुशांत पहिल्यांदा मुलगी बघायला आला, तेव्हा त्याने बटण एकदाच, हलकेच दाबलं. वाकून नमस्कार केला, पोहे मागून घेतले. तो गेल्यावर पोपटराव म्हणाले, "सुपारीचं खांडसुद्धा खात नाही मुलगा. अजून काय पाहिजे?"

त्यांच्या संचितालाही तो आवडला होता. मग त्याने तिच्या मोबाईलचा पासवर्ड मागून घेतला. मग ऑफिसातून निघाली की कुठे आहे, कुणाबरोबर आहे, त्याचे फोटो पाठवायला लावले. एकदा खोपटच्या एसटी डेपोत ती सहकाऱ्याशी हसून बोलली, म्हणून तिचं मनगट असं धरलं की चार दिवस ती पूर्ण बाह्यांचे कुर्ते घालत होती.

"आई, मला त्याची भीती वाटते."

"अगं, काळजी करतो तो. आवाज तरी चढवून बोलतो का कधी?"

"नाही ना. तेच तर."

"मग? उगाच सिनेमा करू नकोस."

तेव्हापासून माझ्या प्रत्येक चिवचिवीला संचिता दचकते. कुरिअरवाला आला तरी हातातला चहा हिंदकळतो. मी काही केलेलं नाही, तरी मलाच अपराधी वाटतं.

आज रविवार. लग्न तीन आठवड्यांवर आलंय. आई आणि पोपटराव पहिली पत्रिका कुलदेवतेपुढे ठेवायला चिपळूणला गेलेत. सकाळी बराच वेळ फोन हातात धरून बसल्यावर संचिताने सुशांतला कळवून टाकलं, मला हे लग्न करायचं नाही.

दुपारी एकला बटणावर बोट आलं. एकदाच, हलकेच. मी चिवचिवले, दुसरं काय करणार? संचिताने दाराच्या भिंगातून पाहिलं आणि दाराला पाठ लावून खाली बसली, तोंडावर ओढणी दाबून. घरात कुणी नाही असं समजून तो जाईल, असं तिला वाटलं असणार.

तिला माहीत नाही, मागच्याच आठवड्यात आईंनी याच दारात त्याला किल्ली दिली होती. "आता तुम्ही घरचेच. आम्ही गावाला असलो की जरा लक्ष ठेवा."

किल्ली कुलपात शिरली. संचिताच्या पाठीमागचं दार हललं.

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. शांताबाई. त्यांना दिसला इस्त्रीचा शर्ट आणि हातातला मिठाईचा पुडा.

"काय जावईबापू, आज एकटेच?"

"हो मावशी. संचिता दार उघडत नाहीये. झोपली असेल."

"उठवा, उठवा. लग्नानंतर कुठली झोप." त्या हसल्या. तोही हसला.

शांताबाई, आत जाऊ नका. क्षणभर उभ्या राहा. पोरीला नावाने एक हाक मारा आणि ती काय उत्तर देते ते ऐका. मला बोलता येत नाही. पाया पडते, तुमचं दार लावू नका.