चौथा कोपरा

"खाली ठेव तो झाडू! मारायचं नाही त्याला!" कोपऱ्याला पाठ चिकटवून उभी असलेली आई मला दरडावत होती.

समोरच्या भिंतीवर काळं पाखरू बसलं होतं. दिव्यावर येणाऱ्या पतंगांच्याच जातीतलं, पण तळहाताहून मोठं, पंखांवर जांभळट झाक. सकाळपासून तीन कोपऱ्यांत ते बसून झालं होतं. आजारी माणसाच्या खोलीचे चारही कोपरे त्याने शिवले की तो माणूस जातो, हे आमच्या युकातान प्रांतात पोरासोरांनाही ठाऊक. आणि खोलीत टांगलेल्या दोरीच्या झोळीत बाबा तापाने फणफणले होते. म्हणून चौथा कोपरा आईने अडवला होता.

"बासिलिया, बस गं जरा," बाबा म्हणाले. "पावसाला कंटाळून आलंय बिचारं. अळी होतं तेव्हा आपल्याच बाभळीचा पाला खाल्लाय त्याने. उन्हं कलली की जाईल केळ्यांचा रस प्यायला."

"तुम्ही गप्प पडा!"

"जुन्या घरात दर पावसाळ्यात यायचं. तेव्हा नाही घाबरलीस?"

"त्या घराला कोपरे होते कुठे?"

जुनं घर लांबट गोल, पाल्याने शाकारलेलं. आता तिथे स्वयंपाक होतो. या विटांच्या चौकोनी खोलीचा हट्ट आईचा, आणि डॉक्टरांसमोर शोभावं म्हणून बाबांना इथे हलवलंही तिनेच.

उन्हं कलली. पाखरू उडालं, छताखाली घिरटी घालून सरळ आईच्या पांढऱ्या झग्यावर बसलं. पंखांची भुकटी माणसाला आंधळं करते म्हणतात; तिने डोळे घट्ट मिटले, पण कोपरा सोडला नाही.

"माझ्यावर बसलं," ती पुटपुटली. "आता मी जाईन. तुम्ही राहाल."

बाबांची थट्टा तिथेच संपली. कित्येक दिवस न उठलेला माणूस भिंतीला धरधरून तिच्यापर्यंत गेला. "वेडी का काय तू? चल." हात धरून त्यांनी तिला अंगणापलीकडे जुन्या घरात नेलं. तिथे पिकायला टांगलेल्या केळ्यांचा वास येताच पाखरू तिला सोडून घडावर जाऊन बसलं.

बाबा त्याच आठवड्यात गेले, त्या बिनकोपऱ्याच्या घरात, चुलीच्या उबेला.

प्रार्थनांचे नऊ दिवस संपल्यावर आईने माती भिजवली आणि नव्या खोलीचे कोपरे लिंपून गोल करायला घेतले.

"आता कशाला गं, आई?"

"आता इथे तू झोपतेस," ती म्हणाली, आणि चौथ्या कोपऱ्यावरून ओला हात पुन्हा एकदा फिरवला.